येताना घाटातच अडकणारा गिअरबॉक्स: पी०७४८ कोडचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

गाडी डिझेल एसयूव्ही. इंजिन आडवं बसवलेलं, ओढ पुढच्या चाकांना, टॉर्क कन्व्हर्टरवाला सहा गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. धाव १,१२,००० किलोमीटर. या गाडीत गिअरबॉक्स बॅटरीच्या ट्रेखाली येतो आणि त्याचा मेंदू म्हणजे टीसीएम त्याच कोपऱ्यात, बॅटरीला लागून बसवलेला असतो. गिअरबॉक्सच्या कपलरपासून (वायरींच्या प्लगपासून) टीसीएमपर्यंतचा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, जेमतेम मीटरभर लांबीचा. सगळं प्रकरण या मीटरभर वायरीतच घडलं.

गाडी साताऱ्याची. आठवड्यातून एकदा पुण्याची फेरी. २०२३ च्या पावसाळ्यात तक्रार सुरू झाली आणि तीन आठवड्यांत दोनदा गाडी घाटात बाजूला घ्यावी लागली.

तक्रार

चढणीवर अचानक जोराचा धक्का बसायचा, चेक लाइट लागायची आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकून बसायची. ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन नुसतं कण्हायचं. गाडी बंद करून दोन मिनिटांनी पुन्हा चालू केली की सगळं सुरळीत.

ड्रायव्हरने एक वाक्य सांगितलं होतं. "साहेब, पुण्याला जाताना काहीच होत नाही, येतानाच दगा देते." जॉब कार्डवर ते लिहिलं गेलं, पण पहिल्या दिवशी कुणी त्याचा विचार केला नाही. तेव्हा साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीला बोगदा लागायचा, पुण्याहून येताना जुना घाट चढावा लागायचा. म्हणजे इंजिनावर सलग जोर आणि लागोपाठ वळणं एकाच दिशेच्या प्रवासात येत होती. दोष शोधायची अर्धी वाट त्या वाक्यातच होती.

आधी काय झालं होतं

गाडी त्याआधी दुसऱ्या एका गॅरेजमध्ये जाऊन आली होती. तिथे स्कॅनरवर टीसीएममध्ये पी०७४८ मिळाला होता, म्हणजे प्रेशर कंट्रोल सोलेनॉइड 'ए' (ऑइलचं प्रेशर ठरवणारा विजेवर चालणारा व्हॉल्व्ह), इलेक्ट्रिकल. ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनाच्या मेंदूत, पी०७०० होता. पी०७०० हा निरोप्या कोड आहे. टीसीएममध्ये काहीतरी नोंद झाली आहे, तिकडे बघा, एवढंच तो सांगतो. त्यावरून निदान होत नाही.

गाडी घाटातून नुकतीच आलेली असताना त्या गॅरेजने गिअरबॉक्सच्या कपलरवर सोलेनॉइडचा रेझिस्टन्स मोजला. भरला ६.४ ओहम. मॅन्युअलमध्ये मर्यादा ५.० ते ५.६ ओहम. निष्कर्ष निघाला की सोलेनॉइड गेला. तो व्हॉल्व्ह बॉडीत, म्हणजे गिअरबॉक्समधल्या ऑइलच्या व्हॉल्व्हांच्या ठोकळ्यात बसतो आणि त्या गाडीला व्हॉल्व्ह बॉडी अख्खीच मिळते, म्हणून सव्वा लाखाचं अंदाजपत्रक हातात आलं. ऑइलही बदललं गेलं, धक्का कायम राहिला. मालकाने दुसरं मत घ्यायचं ठरवलं.

मोजमाप चुकीचं नव्हतं. आकडाही खरा होता. चूक झाली ती तुलनेत. मॅन्युअलमधली मर्यादा २० अंश सेल्सिअसची होती आणि ऑइल होतं ७६ अंशांवर. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशामागे साधारण ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २० अंशांना ५.२५ ओहम असणारी निरोगी कॉइल ७६ अंशांना किती दाखवेल? ५.२५ × (१ + ०.००३९ × ५६), म्हणजे ६.४. तोच आकडा. मीटरने सोलेनॉइड ठणठणीत असल्याची साक्ष दिली होती, ती वाचली गेली उलटी.

सोलेनॉइडचा रेझिस्टन्स लिहिताना शेजारी तापमान लिहायलाच हवं, याबाबत तडजोड नको. स्कॅनरवर ऑइलचं तापमान दिसतं, ते टिपायला दहा सेकंद लागतात.

कोडचा खरा अर्थ

पी०७४८ च्या नावात 'सोलेनॉइड' असल्यामुळे नजर थेट सोलेनॉइडवर जाते. पण टीसीएमला सोलेनॉइड दिसत नाही. त्याला दिसतो तो आपल्या पिनांमधून वाहणारा करंट. 'मी ०.९ अँपिअर मागतोय आणि तेवढा येत नाही' एवढंच तो सांगू शकतो. करंट अडला तो कॉइलमध्ये, वायरीत, कपलरच्या पिनेत की टीसीएमच्या स्वतःच्या ड्रायव्हर सर्किटमध्ये, हे कोडला कळत नाही.

दुसरी बाब म्हणजे गिअर रेशोचा एकही कोड नव्हता. क्लच घसरत असते किंवा प्रेशर खरोखर कमी पडत असतं, तर पी०७३३ सारखे कोड सोबत दिसण्याची शक्यता होती. इथे नुसती इलेक्ट्रिकल तक्रार होती.

आणि धक्का का? लाइन प्रेशरचा, म्हणजे क्लच दाबून धरणाऱ्या ऑइलच्या मुख्य प्रेशरचा हा लिनियर सोलेनॉइड उलट्या स्वभावाचा आहे. करंट जास्त तर प्रेशर कमी, करंट शून्य तर प्रेशर पूर्ण. ही रचना मुद्दाम केलेली असते, म्हणजे वायर तुटली तरी क्लच घसरून जळत नाहीत. करंट गेला की पूर्ण प्रेशर येतं, गिअर दणकन लागतो आणि पाठोपाठ टीसीएम सुरक्षित मोडमध्ये जाऊन तिसरा गिअर धरतो. धक्का आणि अडकणं ही एकाच घटनेची दोन टोकं होती.

पर्याय काय होते

पहिला, व्हॉल्व्ह बॉडी बदलणं. सव्वा लाख, चार-पाच दिवस, आणि दोष बाहेर असेल तर पैसे पाण्यात.

दुसरा, चेंबर (गिअरबॉक्सच्या तळाचं ऑइलचं भांडं) उतरवून सोलेनॉइड थेट तपासणं. खर्च कमी, पण ऑइल पुन्हा जाणार. शिवाय गाडी उभी असताना सोलेनॉइड ठीकच दिसणार, कारण दोष अधूनमधून येणारा होता.

तिसरा, दुसरा टीसीएम लावून बघणं. ही सवय सोडलेली बरी. या गाडीत टीसीएम गाडीला जोडून कोडिंग करावा लागतो. त्यातून वायरीत शॉर्ट असेल तर नवा टीसीएमही जायचा.

चौथा, गिअरबॉक्सला हात न लावता आधी बाहेरचं सर्किट टोकापासून टोकापर्यंत सिद्ध करणं. यात वेळ जातो, सुटे भाग लागत नाहीत. साताऱ्याजवळच्या वर्कशॉपने हा मार्ग घेतला, आणि मालकाला आधीच सांगितलं की दोन दिवस नुसत्या तपासणीचे लागतील आणि त्याची मजुरी वेगळी असेल. हे बोलणं सुरुवातीलाच झालं म्हणून पुढची घाई टळली.

पहिला दिवस

आधी सगळे कोड आणि फ्रीझ फ्रेम, म्हणजे कोड पडला त्या क्षणाची नोंद, उतरवून घेतली. वेग ३४ किलोमीटर, दुसरा गिअर, ऑइल ७८ अंश, बॅटरी १३.७ व्होल्ट. यावरून दोन गोष्टी बाद झाल्या. ऑइल भडकलेलं नव्हतं आणि व्होल्टेज पडलेलं नव्हतं.

मग इंजिन चालू ठेवून, हेडलाइट आणि ब्लोअर लावून टीसीएमचा सप्लाय आणि अर्थिंग तपासलं. बॅटरीच्या प्लसपासून टीसीएमच्या सप्लाय पिनेपर्यंतचा व्होल्टेज ड्रॉप ०.०६ व्होल्ट, अर्थिंगच्या बाजूला ०.०३. सप्लायला ०.२ आणि अर्थिंगला ०.१ च्या वर गेलं तर शंका घ्यायची, इथे दोन्ही उत्तम. हे मोजमाप लोड चालू असतानाच घ्यायचं. बंद गाडीत कुजलेली वायरसुद्धा पूर्ण १२ व्होल्ट दाखवते.

नंतर गिअरबॉक्सचा कपलर सोडला. पिना स्वच्छ, कपलरमध्ये ऑइल नाही. हे बघणं गरजेचं असतं, कारण सोलेनॉइडच्या वायरीच्या धाग्यांमधून ऑइल दिव्याच्या वातीसारखं वर चढत टीसीएमपर्यंत गेल्याची उदाहरणं आहेत. सुटी पिन घालून प्रत्येक सॉकेटची पकड पाहिली, सगळ्या घट्ट.

रेझिस्टन्स दुसऱ्या दिवशी सकाळी मोजायचा ठरला, गाडी रात्रभर थंड होऊ देऊन. त्याआधी इंजिन बंद ठेवून, टीसीएमच्या कपलरवर मीटर लावून हार्नेस हाताने हलवला. आकडा जागचा हलला नाही. जॉब कार्डवर लिहिलं गेलं, 'हार्नेस ओके'. ही नोंद चुकीची ठरली.

दुसरा दिवस

सकाळी गिअरबॉक्सचं तापमान २८ अंश. मीटरच्या दोन्ही टोच्या एकमेकींना लावल्या तर ०.२ ओहम दाखवत होत्या, ते वजा करून गिअरबॉक्सच्या कपलरवर ५.४ ओहम. २८ अंशांसाठी अगदी अपेक्षित. गिअरबॉक्सच्या आतलं सर्किट निर्दोष.

मग गिअरबॉक्सचा कपलर जोडून टीसीएमच्या बाजूने तेच मोजलं. इथे ५.४ मध्ये जाण्या-येण्याच्या वायरीचा रेझिस्टन्स मिळवायचा. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीला मीटरमागे ०.०३५ ओहम धरले, तर दोन मीटरला ०.१ सुद्धा भरत नाही. म्हणजे ५.५ च्या वर जायला नको. आला ६.१.

सगळ्या तपासणीतला नाजूक क्षण हाच. ०.६ ओहमचा फरक डोळ्यांत भरत नाही. गरम गाडीवर ६.१ आला असता तर 'नॉर्मल' म्हणून पुढे जाता आलं असतं, थंड गाडीवर तो मर्यादेबाहेर म्हणून सोलेनॉइडच्या माथी मारता आला असता. एकाच तापमानाला, एकाच मीटरने, दोन ठिकाणी मोजल्यामुळेच फरक उघडा पडला. सोलेनॉइड तोच, मधे फक्त मीटरभर हार्नेस. जास्तीचे ०.६ ओहम तिथेच कुठेतरी होते.

पण ०.६ ओहमने कोड येत नाही, हेही तितकंच खरं. टीसीएम सोलेनॉइडला सप्लाय सलग देत नाही, तुकड्यातुकड्यांत देतो, आणि करंट कमी पडला की तुकडे लांबवतो, म्हणजे ड्यूटी वाढवतो. हिशेब असा. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, मागणी ०.९ अँपिअर. गरम कॉइल आणि चांगली वायर मिळून ६.५ ओहम, म्हणजे लागतात ५.८५ व्होल्ट. चार्जिंग १३.८ व्होल्ट असेल तर ड्यूटी ४२ टक्के. वायरीत तीन ओहम वाढले तर ड्यूटी ६२ टक्क्यांवर जाईल, पण करंट ०.९ च राहील, गाडी लोण्यासारखी चालेल आणि स्कॅनरवर सगळं हिरवं दिसेल. जोड कुजत जातो, टीसीएम भरपाई करत जातो. ड्यूटी शंभरला टेकली किंवा वायर क्षणभर पूर्ण तुटली की मगच कोड पडतो. म्हणून स्कॅनरवरचा 'ॲक्च्युअल करंट' बघून समाधान मानू नये, ड्यूटी बघावी. स्कॅनरवर ती दिसत नसेल तर ऑसिलोस्कोप (व्होल्टेज-करंटची रेघ पडद्यावर दाखवणारं यंत्र) लावावा.

स्कोप लावला. गाडी गरम करून आयडलला ड्यूटी ५८ टक्के आली. हिशेबाने ही जास्तीच्या २.४ ओहमची खूण. थंडीत ०.६ असलेला फरक गरम झाल्यावर चौपट झाला होता.

घाट वर्कशॉपमध्ये आणणं

आता ड्रायव्हरचं वाक्य कामाला आलं. घाटात काय होतं? इंजिनावर जोर येतो आणि ते माउंटिंगवर एका बाजूला कलतं. त्याच्यासोबत गिअरबॉक्स कलतो आणि हार्नेस ओढला जातो. गाडी उभी, इंजिन बंद, हाताने हार्नेस हलवला तर हे घडत नाही.

हँडब्रेक ओढला, चाकांना ठोकळे लावले, गाडीच्या पुढे-मागे कुणी उभं नाही याची खात्री केली. पाय ब्रेकवर घट्ट ठेवून डी लावला आणि इंजिन १,५०० आरपीएमपर्यंत नेलं, फक्त तीन-चार सेकंद. ही पूर्ण स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक धरून इंजिनाला पूर्ण जोर देण्याची तपासणी नव्हे. जास्त वेळ धरलं तर टॉर्क कन्व्हर्टरमधलं ऑइल झपाट्याने तापतं, म्हणून दोन वेळांमध्ये मिनिटभर न्यूट्रलमध्ये विश्रांती.

दुसऱ्याच वेळी स्कोपच्या पडद्यावर ड्यूटी ५८ वरून ८० च्या पुढे चढली आणि करंटची रेघ तळाला गेली. धक्का, चेक लाइट, पी०७४८. आरमध्ये तेच केलं तर काही नाही, कारण इंजिन उलट दिशेला कलतं आणि हार्नेस सैल पडतो. डी आणि आर मधला हा फरक मिळाल्यावर दोष गिअरबॉक्सच्या आत असण्याची शंका उरली नाही.

दोष कुठे होता

बॅटरी आणि ट्रे काढला. खाली हार्नेसची क्लिप सुटलेली, वायरी ट्रेच्या कडेला टेकलेल्या. काळी नळी चिरून उघडली तर चार वायरींना जुने जोड. पीळ देऊन वर साधी टेप मारलेली. टेपचा गोंद पाघळून लिबलिबीत झालेला. तीन जोड काळवंडलेले पण धरून. चौथा सोलेनॉइडच्या मायनस वायरीचा. त्यावरची टेप सोडवली तशी निळसर हिरवी भुकटी बोटांना लागली. पीळ दिलेल्या टोकाचे बहुतेक धागे कुजून गेलेले, शाबूत मोजून तीन.

शेवटची खात्री बल्बने केली. वायरीची दोन्ही टोकं मोकळी केली, म्हणजे टीसीएम आणि गिअरबॉक्स दोन्ही कपलर सोडले, आणि त्या वायरीतून बॅटरीवर २१ वॉटचा इंडिकेटर बल्ब लावला. चांगल्या वायरीतून तो लखलखतो. इथे पिवळट पेटला, वायरीत तीन व्होल्टच्या वर ड्रॉप. मल्टिमीटर रेझिस्टन्स मोजताना अगदी किरकोळ करंट सोडतो, तो एका धाग्यातूनही आरामात जातो. बल्ब दीड अँपिअरच्या आसपास मागतो, तिथे कुजका जोड उघडा पडतो. ही टेस्ट टीसीएम जोडलेला असताना कधीही करायची नाही, त्याचा ड्रायव्हर जळेल.

मालकाला विचारल्यावर इतिहास कळला. दोन वर्षांपूर्वी गाडी धान्याच्या पोत्यांशेजारी लावत असत, तेव्हा उंदरांनी वायरी कुरतडल्या होत्या आणि रस्त्यात एकाने जोडून दिल्या होत्या. तक्रार सुरू व्हायच्या थोडं आधी बॅटरी बदलली होती. ट्रे काढताना क्लिप सुटली, ती परत बसवली गेली नाही. जोड दोन वर्षं तगून होता, क्लिपचा आधार गेल्यावर इंजिनाचा प्रत्येक हेलकावा थेट त्याच्यावर येऊ लागला आणि पावसाच्या ओलीने उरलेलं काम केलं.

दुरुस्ती

पूर्ण हार्नेस मागवायचा की जोड नव्याने करायचे, हा प्रश्न होता. हार्नेस महाग आणि यायला वेळ. वायरी दोन्ही बाजूंना दहा-दहा सेंटिमीटर कापून आत तांबं लखलखीत निघालं, म्हणून जोड करायचे ठरले. काळेपणा आत पसरलेला असता तर वायर कपलरपर्यंत बदलावीच लागली असती.

चारही वायरींना त्याच जाडीचा गाडीच्या दर्जाचा नवा तुकडा, दोन्ही टोकांना क्रिम्पिंगचे जोड, वरून आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह. शेजारशेजारच्या वायरींचे जोड तीन-चार सेंटिमीटर मागेपुढे ठेवले, म्हणजे एका जागी गाठ होत नाही. सोल्डर टाळलं. सोल्डर धाग्यांमधून पुढे झिरपतं, तिथे वायर ताठ होते आणि हलणाऱ्या जागी त्या ताठ कडेलाच तुटते. नवी नळी, नवी क्लिप, आणि इंजिन कललं तरी ओढ बसणार नाही इतकी ढील.

ऑइलची पातळीही तपासली. या गिअरबॉक्सला डिपस्टिक नाही. इंजिन चालू ठेवून, ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानाला, इथे ३५ ते ४५ अंशांच्या पट्ट्यात असताना, खालचा प्लग उघडून बघायचं. आधीच्या बदलात ३५० मिलिलिटर कमी भरलं होतं. दोषाशी याचा संबंध नव्हता, पण तसंच सोडलं असतं तर पुढे खरोखरच क्लचचा प्रश्न उभा राहिला असता.

शेवटी कोड पुसले आणि टीसीएमचं शिकलेलं रिसेट केलं. कुजक्या जोडामुळे बिघडलेल्या शिफ्टवर तो आपली प्रेशरं बसवत आलेला असतो. रिसेट न करता गाडी दिली तर काही दिवस गिअर उगाच कडक लागतात आणि मालकाला वाटतं दोष गेला नाही.

निकाल

गरम गाडीवर आयडलला ड्यूटी ४२ टक्के, हिशेबाइतकीच. डी लावून ब्रेकवर जोर दिला तरी ती हलली नाही. टीसीएमच्या बाजूने थंड रेझिस्टन्स ५.५ ओहम. मग मुद्दाम पावसात शिरवळपर्यंत जाऊन खंबाटकी घाटातून दोन फेऱ्या, स्कॅनर जोडूनच. काही नाही. बिल तपासणीसह ४,८०० रुपये. चार महिन्यांनी सर्व्हिसला गाडी आली तेव्हा पुन्हा स्कोप लावला, ड्यूटी ४३.

वेगळं काय करता आलं असतं

'आधी वायरिंगचं काही काम झालंय का, गेल्या महिन्यात काय काय बदललं' हा प्रश्न तिसऱ्या दिवशी नव्हे, गाडी आत घेतानाच विचारायला हवा होता. उंदीर आणि बॅटरी या दोन्ही गोष्टी मालकाला ठाऊक होत्या. गिअरबॉक्सशी त्यांचा संबंध असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही, आणि येण्याचं कारणही नव्हतं. विचारणं हे वर्कशॉपचं काम.

बॅटरीचा ट्रे काढायला वीस मिनिटं लागतात. पहिल्या दिवशी तो काढला असता तर सुटलेली क्लिप तेव्हाच दिसली असती. हार्नेस हलवून बघितला तो फक्त हाताला लागणारा भाग, आणि जॉब कार्डवर मात्र 'हार्नेस ओके' असं सरसकट लिहिलं. 'ट्रेखालचा भाग पाहिलेला नाही' असं लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी काम तिथूनच सुरू झालं असतं.

एक निर्णय अजूनही वादाचा आहे. बाकीचे तीन जोड चालू होते, ते उघडून नव्याने करायचे की तसेच ठेवायचे? ते केले, तासभर मजुरी वाढली. त्यातली एक वायर टर्बाइन स्पीड सेन्सरच्या सिग्नलची होती. ती तुटली असती तर पुढच्या पावसाळ्यात हीच गाडी पी०७१७ घेऊन परत आली असती, आणि तेव्हा मालकाला पटवणं अवघड गेलं असतं की हा दोष वेगळा आहे.